बाबांच्या वाटीतले ओट्स

प्रिय मिठू,

पत्र बघून दचकशील. आपल्या घरात फोन असताना पत्र लिहिणारं माणूस म्हणजे एकतर लग्नाची बातमी नाहीतर भांडण, असं तूच म्हणायचीस. दोन्ही नाही. फोनवर मला हे जमणार नाही म्हणून लिहितेय. तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस हे एक कारण, आणि बाबा पलीकडच्या खोलीत बसलेले असतात हे दुसरं. आज माझी सुट्टी आहे. बाबा त्यांच्या लाडक्या नातीला, भिंगरीला घेऊन केस कापायला गेलेत, म्हणजे ती त्यांना घेऊन गेलीय. दोघं येईपर्यंत लिहून पुरं करायचंय, त्यामुळे अक्षर असं पळतंय. तुझ्या प्रूफं तपासणाऱ्या डोळ्यांना चुका दिसतील, पण पेन्सिल हातात घेऊ नकोस. हे छापायला जायचं नाहीये.

इकडे बाकी सगळं तसं ठीक. तुझे भावोजी अजून बाहेरगावीच आहेत, पुढच्या महिन्यात येतील. डेपोत नवीन साहेब आलेत आणि ते दर सोमवारी आम्हा कंट्रोलर मंडळींना उभं करून वक्तशीरपणावर बोलतात, त्यामुळे सोमवारी सगळ्या गाड्या उशिरा सुटतात. भिंगरीचा आणखी एक दात पडला. बाबांचं वजन थोडं उतरलंय, पण चेहरा बरा दिसतो. तू मागच्या आठवड्यात विचारलंस, ताई, तू बाबांना कंटाळलीस का? इतकी वर्षं मी त्यांना माझ्याकडे न्यायला मागतेय तेव्हा सोडलं नाहीस आणि आता आपणहून पाठवतेयस, असं म्हणालीस. मी हसून विषय बदलला. त्या प्रश्नाचं उत्तर लांबलचक आहे आणि ते तुझ्या इथल्या मुक्कामापासून सुरू होतं.

तुला आठवत असेल, तू आलीस त्याच्या दुसऱ्या दिवशीच आपली ओट्सवरून जुंपली. बाबा स्वयंपाकघरात उभे, एका हातात किटली, समोर वाटीत त्यांची ती दोन पाकिटं रिकामी केलेली, सफरचंद-दालचिनीवाली. वर दूध, वर उकळतं पाणी, झाकण, आणि पेपरातल्या मथळ्यांवरून नजर फिरेपर्यंत न्याहारी तयार. तू पाकीट उचललंस आणि मागची बारीक अक्षरं मोठ्याने वाचायला लागलीस. साखर किती, तंतू किती, प्रथिनं किती. सफरचंदाचे तुकडे म्हणजे वाळवून रंगवलेलं काहीतरी, हे तू इतक्या तावातावाने सांगितलंस की बाबांनी चमचा खाली ठेवला. मधुमेही माणसाला दोन पाकिटं म्हणजे सकाळी सकाळी पाच चमचे साखर देता तुम्ही, आणि वर पाकिटावर हृदयाचं चित्र बघून खूश होता, असं तू म्हणालीस. तुम्ही म्हणजे मी, हे मला कळलं.

मी पहाटे घर सोडते, मिठू. पहिली गाडी सुटायच्या आधी मला माइकसमोर बसावं लागतं. आई गेल्यावर बाबांना गॅसपाशी एकटं सोडायची मला भीती वाटायची, एकदा त्यांनी दूध ठेवून झोप काढली होती. किटली आपोआप बंद होते. म्हणून ती पाकिटं आली. आवडली, रोजची झाली, आणि डॉक्टरांनी सकाळच्या इन्शुलिनचा डोस ठरवला तेव्हा न्याहारीला काय खाता हे विचारूनच ठरवला. तेव्हा मी तुला एवढंच म्हटलं होतं की बदलू, पण डॉक्टरांना विचारून बदलू, पुढच्या महिन्यात तारीख आहेच. तू म्हणालीस, चांगलं खायला डॉक्टरांची परवानगी कशाला लागते? मी चिडून निघून गेले, कारण मला उशीर होत होता. तो विषय आपण पुन्हा काढला नाही. तुझा उरलेला मुक्काम इतका गोड गेला की मला वाटलं, संपलं.

तू रविवारी गेलीस. बुधवारी बाबांची साखर उतरली, दवाखान्यात ठेवावं लागलं, आता बरे आहेत, एवढंच मी तुला कळवलं. बाबांनी न्याहारी केली नव्हती म्हणून झालं, हेही सांगितलं, कारण बाबांनी मला तेच सांगितलं होतं. तू त्यांना फोनवर किती रागावलीस. मी शेजारीच होते. सुई घेऊन उपाशी राहता, लहान आहात का, वगैरे. ते मान खाली घालून हो बाळ, हो बाळ करत होते. मीही त्याआधी त्यांना असंच झापलं होतं.

त्या बुधवारी काय झालं ते आता सांगते. बसून वाच.

सकाळची गर्दी नुकतीच उतरली होती. माझ्या केबिनच्या काचेतून डेपोचं आत यायचं फाटक दिसतं, तुला दाखवलं होतं, जिथून फक्त बसेसना प्रवेश आहे. त्या फाटकातून एक लहान निळी गाडी आत आली. इतकी सावकाश आली की पहारेकऱ्याला वाटलं साहेबांची असेल. मला ती पहिल्या नजरेत ओळखू आली नाही, कारण आपली गाडी तिथे असायचं काही कारणच नव्हतं. मग मागच्या काचेला दोन तळवे चिकटलेले दिसले. भिंगरीचे. ती या वेळी शाळेत असायला हवी होती; तिला रोज शाळेत सोडायचं काम बाबांचंच.

बाबा गाडी चालवत होते. तोंड पुढे, पाठ ताठ, दोन्ही हात स्टिअरिंगवर, जसे ते बस चालवायचे तेव्हा आपण लहानपणी त्यांच्या मागच्या सीटवरून बघायचो तसे. ते बरोबर बसेसच्या ओळीत घुसले, त्यांच्या जुन्या मार्गाच्या फलाटाकडे. आणि त्याच फलाटावरून एक मोठी गाडी मागे येत होती. मागे घेणाऱ्या ड्रायव्हरला आरशात बस दिसते, एवढीशी गाडी दिसत नाही. मागे उभं राहून शिट्टी मारणारा माणूस दुसऱ्याच कोणाशी बोलत होता.

मला धावत जाता आलं नसतं. जिना, दार, मैदान, तोवर सगळं झालं असतं. मी माइक ओढला. मला बाबा अशी हाक मारायची होती, भिंगरी अशी मारायची होती. पण तोंडातून निघालं ते रोजच्या कामाच्या आवाजात निघालं.

"कंट्रोल बोलतेय. डेपोतल्या सगळ्या गाड्या जागेवर थांबवा. कोणीही चाक हलवायचं नाही."

मोठी गाडी थांबली. आणि बाबाही थांबले, मिठू. मुलीचा आवाज ऐकून नाही. कंट्रोलचा हुकूम ऐकून. त्या बसची मागची बाजू आणि आपल्या गाडीचं नाक यांत एक माणूस आडवा होऊन कसाबसा गेला असता. मी पोचले तेव्हा बाबांनी हँडब्रेक ओढला होता, इंजिन बंद केलं होतं आणि किल्ली काढून खिडकीतून माझ्यापुढे धरली होती. शर्ट घामाने अंगाला चिकटलेला. डोळे माझ्याकडे होते पण त्यांत मी नव्हते. ते म्हणाले, "गाडी जमा करतोय. आज पॅसेंजर कमी होते."

लोक जमले. नवीन साहेबांनी वाकून तोंडाचा वास घेतला, मला ते कधी विसरता येणार नाही. कोणी म्हणालं झटका आला असेल. मला कळलं होतं, साखर उतरलीय. गेल्या वर्षी एकदा घरी असंच थोडं झालं होतं. कुणाच्या तरी डब्याच्या पिशवीत फळांच्या रसाची बाटली होती, ती हिसकावूनच घेतली म्हणायला हरकत नाही. गिळता येतंय ना ते पाहिलं आणि घोट घोट पाजला. ते बाटली ढकलत होते, ड्युटीवर काही घेत नाही म्हणत होते. मी त्यांच्या वरच्या साहेबासारखी दरडावले तेव्हा प्यायले. रुग्णवाहिका आली तोवर त्यांना माझं नाव आठवलं होतं. मग त्यांनी मागे वळून पाहिलं आणि भिंगरी दिसली. तेव्हा ते जे थरथरायला लागले ते साखरेमुळे नव्हतं.

भिंगरीने मला नंतर तुकड्या-तुकड्यांत सांगितलं. शाळेचं फाटक आलं आणि मागे गेलं. ती म्हणाली, आजोबा, शाळा गेली. ते म्हणाले, पुढच्या थांब्यावर उतर. पुढच्या थांब्यावर त्यांनी गाडी नीट कडेला घेतली, थांबवली, कुणीतरी चढेपर्यंत वाट बघावी तशी बघितली आणि निघाले. ती उतरली नाही. का उतरली नाहीस असं मी विचारलं तर म्हणाली, मग आजोबा एकटे गेले असते. असे ते प्रत्येक थांब्यावर थांबत, बाजारातून, पुलावरून, सिग्नल पाळत, सगळा जुना मार्ग करत डेपोत आले. पुलावर समोरून ट्रक येत होते. मी तो पूल रोज ओलांडते. आता तिथे आलं की डोळे मिटून घ्यावेसे वाटतात.

दवाखान्यात बाबा म्हणाले, घाई होती, न्याहारी राहिली. डॉक्टरांनी मान डोलावली, सुई घेऊन न खाणं म्हणजे हेच होणार. मी विश्वास ठेवला. ठेवायला नको होता, कारण बाबा कधी उपाशी घराबाहेर पडले आहेत? पण त्या दिवशी माझी बुद्धी चालत नव्हती.

शनिवारी मी घरी होते. म्हटलं आज मी करून देते. कपाट उघडलं तर पाकिटं नाहीत. एकही नाही. पिठाच्या डब्यामागे काचेची बरणी, तिच्यात साधे जाड ओट्स, आणि बरणीत छोटा चमचा. मी बरणी हातात घेऊन वळले आणि बाबांचा चेहरा पाहिला. मला काही विचारावंच लागलं नाही.

त्यांनी सांगितलं ते असं. तू निघायच्या आदल्या दिवशी सगळी पाकिटं उचलून शेजारी देऊन टाकलीस. बरणी भरलीस, त्यांना शिकवलंस, एवढेच घ्यायचे, रात्री पाण्यात भिजवायचे, सकाळी किटलीतलं गरम पाणी घालायचं, दूध नको, साखर नको. आणि म्हणालीस, ताईला सांगू नका, ती उगीच फाटे फोडेल, महिन्याने तपासणीचा कागद आला की आपण दोघं मिळून दाखवू. त्यांनी ते ऐकलं. तुझं ऐकायला त्यांना नेहमीच आवडतं. सोमवारी, मंगळवारी बाराच्या आत हात कापायला लागले, तर बिस्किटं खाल्ली. वाटलं, सवय नाही म्हणून होतंय. बुधवारी भिंगरीला उशीर झाला, ते बेचव प्रकरण अर्धं वाटीतच राहिलं आणि गाडी काढली. सुई मात्र नेहमीएवढीच, जुन्या दोन पाकिटांच्या हिशेबाची.

मिठू, मला त्या क्षणी तुझा इतका राग आला की बरणी फोडावीशी वाटली. तू समोर असतीस तर मी काय बोलले असते कोण जाणे. बाबांनी माझ्या हातातून बरणी काढून घेतली आणि म्हणाले, "तिला यातलं काही कळता कामा नये. तिने माझ्या भल्यासाठी केलं. मला शब्द दे." मी शब्द दिला. बापाचा चेहरा तसा झालेला असताना कोण देणार नाही?

सोमवारी मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं आणि खरं काय ते सांगितलं. त्यांनी आम्हाला तिथल्या आहारतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं. तरुण आहेत, तुझ्यासारख्याच भरभर बोलतात. त्यांनी जे सांगितलं ते मी तुला प्रामाणिकपणे सांगते, कारण त्यातलं बरंचसं तुझ्या बाजूचं आहे. त्या म्हणाल्या, ती गोड पाकिटं नकोतच. झटपट ओट्स म्हणजे आधीच वाफवून अगदी पातळ लाटलेले, म्हणून ते लवकर शिजतात आणि पोटातही लवकर विरघळतात. साखर भर्रकन चढते. त्यात वरून घातलेली साखर. माणसाला वाटतं पौष्टिक खाल्लं आणि थोड्या वेळात पुन्हा भूक. साधे, बिनसाखरेचे झटपट ओट्स मात्र अगदी वाईट नाहीत, त्यांत तंतू असतातच, तो चिकट तंतू कोलेस्टेरॉललाही बरा. जाड ओट्स त्याहून सावकाश पचतात. पण नुसते पाण्यातले ओट्स म्हणजे पुरी न्याहारी नव्हे. बरोबर अंडं हवं, नाहीतर मूठभर दाणे, बदाम, दूध, काहीतरी प्रथिनांचं. मी म्हटलं, म्हणजे माझी बहीण बरोबर होती. त्या म्हणाल्या, वाटीबाबत बरोबर होती. पण वाटी आणि सुई एकमेकींना बांधलेल्या असतात. वाटी निम्मी केली आणि सुई तशीच ठेवली तर चांगलं अन्नसुद्धा माणसाला पाडतं.

तर आता तुझेच ओट्स चालू आहेत, दूध घालून, बरोबर उकडलेलं अंडं. डॉक्टरांनी डोस उतरवला, दर दोन दिवसांनी आकडे मागवून पुन्हा थोडा उतरवला. जेवणाआधीची साखर आता पूर्वीपेक्षा चांगली येते. हे सगळं तुझ्यामुळे झालं हेही खरं आहे. मला ते लिहिताना जड जातंय, पण खरं आहे.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. मी कंटाळले नाही. बाबांनीच मागितलं. गाडीची किल्ली त्यांनी त्या दिवशी मला दिली ती परत मागितली नाही. आयुष्यभर एका माणसाला खरचटू न देता बस चालवली, आणि शेवटची फेरी नातीला घेऊन अशी झाली. भिंगरी त्यांना घाबरत नाही. घाबरली असती तर बरं, असं ते म्हणाले. ती सकाळी शाळेचे बूट घालून त्यांच्यासमोर बसते, ते पुरं खाईपर्यंत हलत नाही, आणि जाताना त्यांच्या कपाळाला हात लावून घाम आहे का बघते. नऊ वर्षांची पोर. पूर्वी एका जागी बसायची नाही म्हणून तर तिचं नाव भिंगरी पडलं. बाबा मला म्हणाले, तिच्या नजरेसमोरून मला थोडे दिवस जाऊ दे, तिला पुन्हा हुंदडू दे. शिवाय मी पहाटेच बाहेर पडते, आणि तू घरून काम करतेस, सकाळी त्यांच्याजवळ मोठं माणूस असेल. मला नाही म्हणता आलं नाही. येत्या रविवारचं ठरलं, तुला माहीतच आहे.

मी हे सगळं पोटात ठेवणार होते, मिठू. बाबांना दिलेला शब्द पाळणार होते. पण परवा रात्री जेवताना तुझा फोन आला तेव्हा बाबांनी नेहमीप्रमाणे चुकून स्पीकर चालू केला होता आणि मी भांडी आवरत मागेच उभी होते. तू आवाज खाली करून म्हणालीस, तुम्ही एकदा इकडे या तर बाबा, मी तुमचं असं खाणं ठेवते की सुईच बंद करून दाखवते, ताईला आत्ताच काही बोलू नका. आणि बाबा म्हणाले, हो बाळ. ते तुला नाही म्हणणार नाहीत. तू वाटीत जे घालशील ते खातील, आणि तू सुई ठेवून द्या म्हणालीस तर ठेवून देतील, आणि काही झालं तर न्याहारी राहिली म्हणून सांगतील. म्हणून मी शब्द मोडलाय. हे पत्र शुक्रवारपर्यंत तुझ्या हातात पडेल. वाचलंस की रड, माझ्यावर चीड, मला घरात पाऊल टाकू देणार नाही म्हण, काय हवं ते म्हण. पण मग मला फोन कर, आणि इथल्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय सुईतला एक थेंबही इकडचा तिकडे करणार नाहीस, आणि बाबांना माझ्यापासून काही लपवायला सांगणार नाहीस, हे तुझ्या तोंडून मला ऐकव. त्यांची बॅग भरून दाराशी ठेवलीय, तिकीट काढलंय. तुझा फोन आला नाही तर रविवारी मी त्यांना गाडीत बसवणार नाही.

तुझीच,
ताई